रानजाई बंगल्यावर रोज दुपारी येणारा व्हिजिटर

आधी कबूल करतो. इथे लोक लिहितात ते भुतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, पण करमणूक म्हणून. लोणावळ्यात बंगले भाड्याने देणाऱ्या माणसाला भुताखेतांवर विश्वास ठेवणं परवडत नाही. निम्मी गिऱ्हाइकं गाडीतून उतरता उतरता विचारतात, "भैया, यहाँ कुछ है तो नहीं?" आणि मी गेली अठरा वर्षं एकच उत्तर देतोय... "है ना, मच्छर है. कॉइल दूँगा."

त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, राग येतोय. जे हातात धरून उलटंपालटं करून बघता येत नाही ते मला आवडत नाही. माणसांची आणि बंगल्याची नावं बदलली आहेत. बाकी जसं झालं तसं.

मी मूळचा मावळातल्या नवलाख उंबरे गावचा. शिक्षण बारावी. एक्स्प्रेस-वे उतरून गाड्या लोणावळ्यात शिरतात त्या वळणावर चाव्यांचा जुडगा हवेत फिरवत उभा राहायचो, "बंगला पाहिजे का, बंगला" करत. सोबत मामेभाऊ विलास. हे घडलं तेव्हा माझ्याकडे तेवीस बंगले होते आणि स्वतःची वेबसाइट. कुठल्या मोठ्या ॲपच्या दारात मी गेलो नाही.

विलास दोन वर्षांपूर्वी वेगळा झाला. जाताना तीन बंगल्यांचे मालक फोडून घेऊन गेला. तेही एक वेळ सोडलं असतं. पण नंतर एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, भरल्या ताटावर म्हणाला, "शशीकडं माणूस पगारावर न्हाई ऱ्हात, मारावर ऱ्हातो." पंगत हसली. वाढपी हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

आणि त्यानंतर एक गंमत सुरू झाली. मी साइटवर नवा बंगला टाकला की आठवड्यात त्या मालकाला विलासचा फोन. मी फोटो बदलले की त्याचेही बदलायचे. हा रोज माझी साइट उघडून बसतो याची मला खात्री होती. पुरावा नव्हता. म्हणून केतकीला बोलावलं.

केतकी तळेगावची, इंजिनीअर. साइट तिनेच बांधली आहे. तिला म्हटलं, साइटवर कोण कोण येतं ते मला बघायचंय.

"काका, भेटी मोजणारा आत्ताचा काउंटर गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये चालतो," ती म्हणाली. "फोनने तो अडवला की तो माणूस आपल्याला दिसतच नाही. कितीतरी जण असे सुटतात."

"मग?"

"मोजणी आपल्या सर्व्हरवर करायची. पान मागायला तो आपल्याकडे येणारच ना... पान द्यायच्या आधी आपण नोंद करायची. कुठलं पान, किती वाजता, कुठल्या कनेक्शनवरून. त्याच्या फोनला काही विचारायचंच नाही."

हे मला एका दमात कळलं. गेटवरच्या वॉचमनची वही.

"प्रत्येकाला एक नंबर देऊ," ती पुढे म्हणाली, "पण तो रोज बदलेल. आज आलेला माणूस उद्या नवा. लोकांच्या मागे लागायचं नसतं, काका."

"मला लोकांच्या नाही, एकाच्याच मागे लागायचंय. नंबर कायमचा ठेव."

"नाही."

"बरं, एक महिना ठेव."

"नाही."

"चल, तीन महिने. फायनल."

"काका, घासाघीस करताना माणूस खाली येतो. तुम्ही वर चाललाय." पण हसली, आणि हसली म्हणजे सौदा झाला हे मला माहीत आहे. तीन महिने ठरले. पहिल्यांदा आलेल्या फोनमध्ये साइट एक नंबर ठेवणार, पुढच्या वेळी तो फोन तोच नंबर घेऊन येणार. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. आमच्या ऑफिसच्या वायफायवरच्या भेटी तिने यादीतून वगळल्या, नाहीतर आम्ही स्वतःलाच मोजत बसलो असतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी बंगला दाखवतो तो एका ठरलेल्या क्रमाने. गेट, पडवी, हॉल, जिना, वरची खोली आणि शेवटी गॅलरी. गॅलरीतून डोंगर दिसला की माणूस हो म्हणतो. किचन मी दाखवत नाही. किचनमध्ये नेलं की बायका कपाटं उघडतात आणि सौदा लांबतो. साइटही मी तशीच बांधून घेतली आहे, प्रत्येक खोलीचं वेगळं पान. किचनचं पान आहे, पण खाली कोपऱ्यात.

जानेवारीत हे सुरू केलं. चौथ्या दिवशी केतकीने यादी दाखवली आणि मी एका ओळीवर बोट ठेवलं. नंबरचे शेवटचे आकडे ४१७. दुपारी तीन चाळीसला येतो. रानजाई बंगल्याचं गेट, मग पडवी, मग हॉल. हॉलवरून किचन. किचनमध्ये चाळीस सेकंद. मग जिना, वरची खोली, गॅलरी. गॅलरीच्या पानावर चार मिनिटं. संपलं. तीन दिवस तेच, त्याच वेळी, तेवढाच वेळ. दुसरं एकही पान नाही. जुन्या काउंटरमध्ये हा माणूस एकदाही दिसत नव्हता.

"हाच," मी म्हटलं. "कुठून येतो बघ."

केतकीने बघितलं, परत एकदा तपासलं. मग म्हणाली, "काका, हे रानजाईचंच वायफाय आहे."

रानजाई कुसगावच्या वरच्या अंगाला आहे. तेव्हा बंद होता. स्विमिंग पूल गळत होता म्हणून रिकामा करून टाइल्स काढल्या होत्या. कामगारही महिनाअखेरीला येणार होते. तिथे फक्त केअरटेकर नामदेवभाऊ आणि त्याची बायको, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, मागच्या खोलीत. म्हणजे बंद बंगल्यात रोज दुपारी कोणीतरी बसून त्याच बंगल्याची पानं उघडत होतं. माझ्या डोक्यात एकच माणूस. नामदेवभाऊला कामाला ठेवला होता विलासनेच.

तरी मी घाई केली नाही. आठवडाभर बघत राहिलो. मध्ये गुरुवार आला. गुरुवारी दुपारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, सगळ्या मावळाला माहीत आहे. रानजाईला इन्व्हर्टर नाही. लाइट नाही म्हणजे वायफाय नाही. ४१७ त्या गुरुवारीही तीन चाळीसला आला, त्याच वायफायवरून. केतकी म्हणाली, काहीतरी गडबड आहे काका, मला बघू दे. मी म्हटलं, तू कॉम्प्युटर बघ, मी माणूस बघतो.

दहाव्या दिवशी सकाळी रानजाईवर गेलो. नामदेवभाऊ झाडांना पाणी घालत होता. पंचावन्न-साठीचा माणूस, शांत. विचारलं, "दुपारी बंगल्यात कोण येऊन बसतं?"

त्याने पाइप खाली ठेवला. "कोन बसतं म्हंजे? तुमीच तर येता, शेठ."

"काय?"

"रोज येता की. गेटातनं येता, बोलत न्हाई, वर जाता, गॅलरीत उभं ऱ्हाता. मी च्या इचारला, मान बी हलवली न्हाई. म्हनलं डोक्यात कायतरी आसंल शेठच्या."

ते सगळे दिवस मी कुठे होतो ते मला पाठ आहे. दुपारी तीन ते पाच मी रानजाईच्या जवळपासही नव्हतो. मला वाटलं, विलासने शिकवलंय. मालकाला तोंडावर वेड्यात काढायचं. हातात चाव्यांचा जुडगा होता, तेवीस बंगल्यांचा... तसाच मारला. भुवईवर बसला. तो खाली बसला आणि बोटांमधून रक्त धोतरावर गळायला लागलं. मी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्याची बायको मध्ये आली. ओरडली नाही. पदर त्याच्या कपाळावर दाबत म्हणाली, "मी बी बघितलंया तुमाला. मला बी मारा."

मी गाडी काढून निघून आलो. लिहायचंच आहे तर सगळं लिहितो — तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकराव्या, साडेतीनला परत गेलो. गाडी गेटबाहेर लावली. फोन चार्जिंगला लावून गाडीतच ठेवला आणि गाडी लॉक केली. आधीच्या एका भांडणात माझा फोन फुटला होता. यावरून मी काय ठरवून गेलो होतो ते ओळखा.

गेट उघडं होतं. पडवीत कोणी नाही. हॉलमध्ये विलास उभा. पायाशी नामदेवभाऊची पत्र्याची पेटी, दोरीने बांधलेली.

"सापडलास," मी म्हटलं.

"कशात सापडलो? मावशीचा फोन आला काल. भाऊला सात टाके पडलेत. दोगांना घिऊन चाललोय वराळ्याला, माज्या घरी."

"तीन मालक नेलेस, आता माणसं नेतोस. रोज दुपारी हेच ठरत होतं का इथे बसून?"

"दोन वर्षांत आज पाय ठेवला हितं. आईशप्पत."

"मामीला मध्ये आणू नको."

तो हसला. तसंच, पंगतीतलं हसणं. "शशी, तू न्हाई सुधरायचा. समद्यांनी सोडलं तुला, चावी फिरवत बस एकटा."

मी किचनमध्ये गेलो. का गेलो ते तेव्हा माहीत नव्हतं. ओट्यावर खलबत्ता होता, लोखंडी. बत्ता उचलला. उचलून क्षणभर तिथेच उभा राहिलो, वजन बघत. बाहेर आलो तेव्हा विलासने माझा हात बघितला. पडवीकडे जायच्या वाटेत मी होतो, म्हणून तो जिन्याने वर पळाला. पाचव्या-सहाव्या पायरीवर मी त्याच्या खांद्यावर बत्ता घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. ओली फांदी मोडते तसा. तरी तो वर गेला. वरच्या खोलीत त्याने चांगल्या हाताने खुर्ची फिरवली, ती माझ्या तोंडावर बसली. दोन दात आत पडले. एक मी गिळला. मग आम्ही गॅलरीत.

तिथे किती वेळ झालं मला सांगता येत नाही. तो माझ्या गळ्याला, मी त्याच्या मोडलेल्या खांद्याला. लहानपणी कुस्ती खेळायचो तशी पकड, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पुढचा डाव माहीत. रक्ताने फरशी निसरडी झालेली. शेवटी तो कठड्याला टेकला. मी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले आणि ढकललं.

खाली रिकामा पूल.

हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

खाली धावलो तेव्हा नामदेवभाऊ आधीच पुलात उतरलेला होता, कपाळाला पट्टी, विलासचं डोकं मांडीवर. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "पायाकडनं धरा, शेठ. वाकडं करू नगा." ज्याला मी काल फोडला होता तो मला शेठ म्हणत होता. आम्ही दोघांनी विलासला गाडीत घातलं आणि तळेगावच्या हॉस्पिटलात आणलं. कंबरेचं हाड, तीन बरगड्या, खांदा. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. ते दोन दिवस मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर होतो. मामी समोरच्या बाकड्यावर. तिने मला डब्यातली भाकरी दिली, कारण तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. दात नसल्याने मी ती पाण्यात बुडवून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी विलास शुद्धीवर आला. पोलीस आत गेले, वीस मिनिटांनी बाहेर आले. त्याने जबाब दिला होता: भांडण झालं, झटापट झाली, माझाच तोल गेला. शशिकांतने ढकललं नाही.

त्याच संध्याकाळी केतकी आली. मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेली आणि लॅपटॉप उघडला. 

"काका, परवाचं बघा."

परवा, म्हणजे अकराव्या दिवशी. ४१७. तीन चाळीस, गेट. मग पडवी. हॉल. किचन, चाळीस सेकंद. जिना, वरची खोली. गॅलरी, चार मिनिटं. आधीचे दिवस तिने शेजारी शेजारी लावले होते. सगळे सारखे. त्या दिवशी मी ज्या खोल्यांमधून गेलो त्याच, त्याच क्रमाने. मी आणि विलास सोडून कोणालाही माहीत नव्हतं की मी किचनमध्ये थांबलो होतो.

"हे दहा दिवस आधीपासून आहे," ती म्हणाली. "फोन द्या तुमचा."

तिने माझ्या फोनवर साइट उघडली. ऑफिसचं वायफाय नव्हतं, म्हणून भेट यादीत आली. लॅपटॉपवर नवी ओळ चमकली. ४१७.

माझ्या फोनचा नंबर मी कधी बघितलाच नव्हता. साइट मी उघडायचो ती बहुतेक वेळा ऑफिसात.

मी तिच्याशी भांडलो. नेहमीसारखा. कोणीतरी फोनची कॉपी केली असेल, विलासने करवली असेल. ती म्हणाली, होऊ शकतं काका, नंबर चोरता येतो. मग तिने आठव्या दिवसाची यादी काढली. त्या दुपारी मी उर्से टोलनाक्याजवळ एका नव्या मालकाला हॉटेलात बसवून फोनवर साइट दाखवत होतो, मोबाइल डेटावर. ती भेट यादीत होती. तीन एकेचाळीस, ४१७, मुखपृष्ठ. आणि त्याच मिनिटाला, तोच ४१७, रानजाईच्या वायफायवरून पडवीत. "नंबर चोरला असं धरू," केतकी म्हणाली. "पण लाइट नसताना वायफाय कोणी चालू केलं? आणि तुम्ही परवा काय करणार ते कोणाला माहीत होतं?"

  केतकीने माझं काम सोडलं. जाण्याआधी मला न विचारता नंबर रोज बदलेल असं करून गेली. 

विलास दोन महिन्यांनी घरी आला. आता वॉकर घेऊन चालतो. नामदेवभाऊ आणि मावशी त्याच्याकडेच आहेत. मी धीर करून गेलो. नामदेवभाऊने दार उघडलं, आत घेतलं, पण चहा विचारला नाही.

विलासला म्हटलं, "खोटा जबाब का दिलास? उपकार नकोत मला तुझे."

"कुनी दिला खोटा?"

"मी ढकललं तुला."

त्याने वॉकर बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. चेष्टा करतोय का ते मी शोधत होतो. नव्हता करत.

"शशी, तू दारात उभा होतास," तो म्हणाला. "वरच्या खोलीच्या दारात. तोंडातनं रक्त गळतंय, बत्ता खाली टाकलेला. पुढंच यीना झालास. मी तुला हाका मारत हुतो, ह्याला धर म्हनून."

"कोणाला?"

"ज्यानं मला कठड्याला दाबलं हुतं त्याला. त्यो बी तूच हुतास. पोलिसांला काय सांगू? येकानं ढकललं आनि येक बघत हुता, दोघं येकच? येड्यात काढलं असतं. म्हनून तोल गेला म्हनलो." मग खाली बघून म्हणाला, "आनि तू धावला न्हाईस, त्ये मातर मी इसरनार न्हाई."

मी घरी आलो. रानजाई मी मालकाला परत दिला आहे. विलास म्हणतो मी ढकललं नाही, आणि त्याला माझ्यासाठी खोटं बोलायचं काहीच कारण नाही. पोलिसांत त्याचा जबाब आहे. माझ्या बाजूने सगळे कागद आहेत.

पण दारात उभं राहिल्याचं मला काही आठवत नाही. आठवतो तो त्याच्या शर्टाचा घामेजलेला कपडा, माझ्या दोन्ही तळव्यांखाली... आणि त्यामागे धडधडणारी छाती, आणि मग एकदम काहीच नाही.